मूस नको म्हणून अंतराळात

चाळीसगावच्या एका तरुण ओतकाम व्यावसायिकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही ॲल्युमिनियमचं ओतकाम करतो. साच्यात धातू कसा भरेल हे आधीच दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं, तर ते वितळलेल्या धातूची श्यानता मागतं. तीन ठिकाणी शोधलं, तीन आकडे मिळाले. शोधताना वाचलं की ही श्यानता अंतराळ स्थानकात मोजतात. गुरुत्वाकर्षण नसलं की श्यानता बदलते का? बदलत नसेल तर एवढ्या वर जायचं कशाला? आणि त्या आकड्याचा आम्हाला इथे काही उपयोग आहे का? धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला यावर प्रकल्प करता येईल का, तेही सांगा."

भाऊ, पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, बदलत नाही. द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकताना जो अडसर होतो ती श्यानता. धातूत हा अडसर अणूंच्या आपसातल्या ओढीतून आणि धडकांतून येतो, आणि त्या ओढीपुढे पृथ्वीचं गुरुत्व हिशेबात धरण्याइतकंही नाही. ७२० अंशांचं ॲल्युमिनियम चाळीसगावात जेवढं श्यान, तेवढंच ४०० किलोमीटर वर. शिवाय तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतंच. स्थानकाच्या उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे नऊ दशांश भरतं. स्थानक, आतली माणसं, भट्टी आणि भट्टीतला थेंब हे सगळे बरोबरीने पृथ्वीकडे पडत असतात आणि पडता पडता तिला चुकवत फिरतात, म्हणून थेंबाला कुणी उचलून धरावं लागत नाही.

सगळी मेख या उचलून धरण्यात आहे. जमिनीवर वितळलेला धातू भांड्यात ठेवावा लागतो, नाहीतर कसल्या तरी बळाने अधांतरी धरावा लागतो. भांडं धातूत उतरतं आणि बळ धातूला ढवळतं. त्यामुळे मोजून जो आकडा हाती येतो, त्यात श्यानतेखेरीज आणखी काहीतरी मिसळलेलं असतं. वर गेलं की भांडं लागत नाही आणि बळही नावापुरतं पुरतं.

आधी भांड्याचं सांगतो, कारण माझ्या उमेदीची बरीच वर्षं त्यात गेली. वितळलेल्या धातूची श्यानता मोजायची जुनी आणि आजही रुळलेली रीत म्हणजे झुलती मूस. बंद मुशीत धातू भरायचा, मूस एका बारीक तारेला टांगायची, भट्टीत तापवायची आणि धातू वितळला की तारेला किंचित पीळ देऊन सोडून द्यायची. मूस स्वतःभोवती डावीकडे-उजवीकडे फिरत राहते. आतला धातू भिंतीशी घासतो आणि प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा जरासा लहान होतो. तारेवरच्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर कसकसा सरकतो ते टिपायचं. फेरे किती झपाट्याने लहान होतात, त्यावरून श्यानता काढायची. काम चिकाटीचं. बाहेरच्या रस्त्याने ट्रक गेला तरी तार हलून सांगते.

गोम अशी की धातू फार पातळ असतात. पाण्याची श्यानता २० अंशांना १ मिलिपास्कल-सेकंद. जुनी पुस्तकं यालाच १ सेंटिपॉइझ म्हणतात, आकडा तोच. वितळलेलं ॲल्युमिनियम वितळबिंदूपाशी १.३ च्या आसपास, लोखंड साडेपाच ते सहा. एवढ्या पातळ द्रवामुळे फेऱ्यांत पडणारा फरक अगदी बारीक असतो. मग धातू मुशीच्या भिंतीला भिजवतो की नाही, वर ऑक्साइडची साय आहे का, धातूची पातळी किती अचूक माहीत आहे, या प्रत्येक गोष्टीला वजन येतं. ॲल्युमिनियमची साय तर तुम्हाला सांगायला नको. ती वरून धातूला धरून ठेवते आणि मोजमापाला वाटतं की द्रवच जाड आहे. त्यात भर म्हणजे फेऱ्यांच्या घटीवरून श्यानता काढायची सूत्रंही एकाहून जास्त आहेत. रॉस्को यांचं १९५८ चं सूत्र बहुतेक जण वापरतात, पण एकच नोंदवही दोन सूत्रांतून काढली तर दोन उत्तरं येऊ शकतात. तुम्हाला तीन ठिकाणी तीन आकडे का मिळाले ते आता लक्षात येईल. ॲल्युमिनियमच्या बाबतीत एकमेकांपासून दुपटीने लांब असलेले आकडेही जुन्या नोंदींत सापडतात. मोजणारे आळशी नव्हते, रीतच तशी आहे.

ॲल्युमिनियम, तांबं, कथील यांचं तरी मुशीत निभतं. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर मुशीत सोनं आटवतो तेव्हा मूस सोन्यात उतरेल अशी धास्ती त्याला नसते. टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांचं मात्र कुठल्याच मुशीशी जमत नाही. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, झिर्कोनियम १८५५ ला. त्या उष्णतेला ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, मुशीतून ते ऑक्सिजन ओढून घेतात आणि मुशीतलं ॲल्युमिनियम धातूत सुटतं. ग्रॅफाइटची मूस घेतली तर कार्बाइड तयार होतं. झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची, मूस घेतली तरी ऑक्सिजन जातोच. मोजायला सुरुवात केली तेव्हा मुशीत टायटॅनियम होतं आणि संपेपर्यंत टायटॅनियम-ऑक्सिजनचं भलतंच मिश्रण झालेलं असतं. तुम्ही मोजलंत ते कशाचं, याला उत्तर नाही.

मग मूसच काढून टाकली तर? इंडक्शन भट्टी तुम्ही पाहिलीच असेल. जळगावच्या, धुळ्याच्या एमआयडीसीत आहेत. पॉवर वाढवली की भट्टीतल्या धातूचा मधला भाग उकळी आल्यासारखा वर फुगतो. कॉइलमधल्या बदलत्या विजेने धातूत प्रवाह उठतात, ते धातूला तापवतात आणि कॉइलपासून दूरही ढकलतात. कॉइल नीट वळवून घेतली तर हाच धक्का एक-दोन ग्रॅम वितळलेला धातू हवेत अलगद तोलून धरतो. १९५० च्या दशकापासून हे तंत्र माहीत आहे आणि जमिनीवर यानं घनता, पृष्ठताण छान मोजता येतात.

श्यानता मात्र मोजता येत नाही, आणि ते समजायला थेंबाने श्यानता कशी सांगायची ते आधी पाहावं लागेल. तरंगता थेंब जरा दाबून सोडला तर तो लांबट-चपटा, लांबट-चपटा असा हेलकावे खातो. आखाजीचा झोका आठवा. तो किती वेळात एक फेरी करतो हे दोराच्या लांबीवर ठरतं, आणि ढकलणारे बाजूला झाल्यावर किती वेळात थांबतो हे घर्षणावर. थेंबातही दोन गोष्टी अशाच वेगळ्या निघतात. हेलकाव्यांची वारंवारिता पृष्ठताण सांगते आणि हेलकावे विरण्याचा वेग श्यानता सांगतो. पहिलं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये मांडलं, दुसरं होरेस लॅम्ब यांनी १८८१ मध्ये. आज स्थानकावरचे आकडे काढतात ते याच दोघांच्या जोरावर.

सूत्रं सोपी आहेत, भावाला द्या. वारंवारितेचा वर्ग म्हणजे ८ गुणिले पृष्ठताण, भागिले (३ गुणिले π गुणिले वस्तुमान). यात थेंबाचा आकार लागतच नाही, वजन माहीत असलं की झालं. हेलकावा मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ म्हणजे घनता गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले ५ पट श्यानता. झिर्कोनियमचा साडेसहा मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या. घनता ६,१०० किलो प्रति घनमीटर, पृष्ठताण दीड न्यूटन प्रति मीटर आणि श्यानता ४.७ मिलिपास्कल-सेकंद धरली तर थेंब सेकंदाला ३८ हेलकावे खातो आणि ते विरायला पावणेतीन सेकंद लागतात. तेवढ्यात शंभरेक हेलकावे मोजायला मिळतात. म्हणजे थेंब आपली श्यानता अगदी निवांतपणे सांगत असतो.

पण दोन्ही सूत्रांची एक अट आहे: थेंब गोल हवा, त्याच्यावर बाहेरचं बळ नको आणि आतला द्रव शांत हवा. जमिनीवर कॉइलमध्ये तरंगणाऱ्या थेंबाला यातलं काहीच लाभत नाही. अख्खं वजन पेलायचं म्हणजे क्षेत्र जोरदार हवं. त्या जोराने थेंब खाली निमुळता होतो आणि एका वारंवारितेच्या जागी जवळजवळच्या पाचपर्यंत वारंवारिता दिसू लागतात. पृष्ठताणासाठी यावर उपाय आहे, कमिंग्ज आणि ब्लॅकबर्न यांनी १९९१ मध्ये दिलेली दुरुस्ती लावायची. ढवळण्यावर उपाय नाही. भट्टीत मधला धातू फुगतो तसाच या थेंबातही धातू जोराने फिरत असतो, भोवरे उठत असतात. भोवऱ्यांनी खाल्लेली ऊर्जा आणि श्यानतेने खाल्लेली ऊर्जा वेगवेगळी मोजायला मार्गच नाही. जमिनीवरच्या तरंगत्या थेंबाकडून श्यानता काढली तर ती खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त येते.

कक्षेत गेल्यावर थेंबाला फक्त जागेवर ठेवायचं असतं, पेलायचं नसतं. तो इकडेतिकडे भरकटू नये इतपत क्षेत्र पुरतं. आता दोन कामांना दोन वेगळी क्षेत्रं देता येतात: एक जागेवर धरणारं, हलकं, दुसरं तापवणारं, जोरदार. तापवणाऱ्याने धातू वितळवून वितळबिंदूच्या वर न्यायचा, मग ते बंद करायचं. थेंब थंड होऊ लागतो, आतली घुसळण मंदावते, आणि मधेच तापवणाऱ्या कॉइलचा एक छोटा ठोका दिला की थेंब दबतो आणि हेलकावू लागतो. कॅमेरा सेकंदाला शेकडो चित्रं घेतो, पायरोमीटर दुरूनच तापमान वाचतो. पायरोमीटरला धातूच्या पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे तापल्यावर तो किती प्रकाश फेकतो ते, माहीत नसते, म्हणून धातू वितळत असताना तापमान जिथे थबकतं तिथे ज्ञात वितळबिंदूशी त्याचं माप जुळवून घेतात. ही जुळवणी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, त्यामुळे कुठल्याही शोधनिबंधात मी आधी तोच परिच्छेद वाचतो.

भांडं नसल्याचा आणखी एक फायदा आहे. गोठायला धातूला कुठेतरी आधार लागतो, बहुधा भांड्याची भिंत. भिंत नसली की वितळबिंदूच्या शेकडो अंश खालीही तो द्रवच राहू शकतो, आणि त्या अवस्थेतली श्यानता मुशीत बसून कधीच मोजता आली नसती. मग एका क्षणी तो गोठतो आणि सुप्त उष्णता सुटून थेंब लख्ख उजळतो. धातूची काच, म्हणजे स्फटिक न होता गोठलेला धातू, कशी बनते हे समजायला नेमकी हीच खालची पट्टी लागते. काच बनण्याच्या बिंदूला श्यानता १० चा १२ वा घात इतके पास्कल-सेकंद धरतात. वितळबिंदूपासून तिथपर्यंतचा चढ किती तीव्र आहे, यावर त्या मिश्रधातूची काच होणार की स्फटिक, हे बरंचसं ठरतं.

वर गेलं म्हणजे सगळं सुरळीत होतं असं समजू नका. मोजत असताना थेंब थंड होत असतो. झिर्कोनियमसारख्या तप्त थेंबाचं तापमान केवळ प्रारणानेच सेकंदाला शंभरेक अंश उतरू शकतं, म्हणजे एक हेलकावा विरेपर्यंत श्यानताच बदललेली असते. म्हणून नोंदीचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला त्याचं तापमान लावतात. ठोका जोराचा बसला आणि थेंब फार दबला तर रॅले-लॅम्बची सूत्रं लागू पडत नाहीत, कारण ती बारीक हेलकाव्यांसाठी आहेत. हलका बसला तर कॅमेऱ्याला दिसत नाही. जागेवर धरणारं क्षेत्रही थोडं ढवळतंच. १९९७ मध्ये कोलंबिया यानातल्या प्रयोगात पॅलेडियम-सिलिकॉनच्या थेंबावर पाहिलं गेलं की आतला प्रवाह रेनॉल्ड्स क्रमांक (प्रवाहाचा जोर श्यानतेच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) ६०० च्या आसपास पोचला की शांत राहत नाही, भोवरे सुरू होतात. म्हणून पातळ धातूसाठी आधी गणिताने प्रवाह तपासतात, मगच आकडा स्वीकारतात. धातूची वाफ होऊन वजन घटतं, ते वेगळंच. इतकं सगळं सांभाळून आकडा पाच-दहा टक्क्यांच्या आत आला तर मी त्याला चांगलं मोजमाप म्हणतो. मुशीतल्या दुपटीच्या घोळापुढे हे पुष्कळ आहे.

आता अंतराळ स्थानकच का, त्याआधीचे स्वस्त मार्ग का नाहीत? प्रश्न वेळेचा आहे. मोकळं पडणारी कुठलीही वस्तू पडेपर्यंत वजनरहितच असते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला अस्तंबा सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून भट्टी थेट खाली सोडली आणि हवेचा विरोध नाहीच असं मानलं, तरी सोळा सेकंदांत खेळ संपतो. आयआयटी मद्रासमध्ये अडीच सेकंद देणारा पतन-मनोरा आहे, जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यात पावणेपाच सेकंद मिळतात आणि खालून वर फेकलं तर नऊच्या थोडं वर. ज्वलनाच्या प्रयोगांना हे पुरतं, पण पावणेतीन सेकंदांचा हेलकावा, त्याआधी वितळवणं, नंतर थंड करणं, हे एवढ्यात बसत नाही. विमान वर चढवून कमानीसारखं खाली आणलं की वीस-बावीस सेकंद मिळतात. त्यात एक वितळण आणि एक-दोन ठोके कसेबसे होतात, तेही विमानाच्या थरथरीसकट. स्वीडनमधल्या किरुनाहून सुटणाऱ्या छोट्या अग्निबाणांत सहा मिनिटं मिळतात. स्थानकावर मात्र तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवता येतो, आणि आकड्यावर विश्वास बसायला तेच लागतं.

या यंत्राची वंशावळ जर्मन आहे. टेम्पस नावाची तरंगती भट्टी जुलै १९९४ मध्ये नासाच्या कोलंबिया यानातून पहिल्यांदा गेली. एप्रिल १९९७ मध्ये ती पुन्हा गेली, पण यानाच्या इंधन-घटात बिघाड झाल्याने मोहीम चार दिवसांत आटोपती घ्यावी लागली. नासाने तेच यान, तेच अंतराळवीर आणि तीच उपकरणं घेऊन जुलैमध्ये पूर्ण मुदतीची मोहीम केली. एवढ्या लवकर तीच मोहीम पुन्हा उडवणं हा त्या काळातला दुर्मीळ प्रकार. तिची धाकटी आणि सुधारलेली बहीण, ईएमएल, जुलै २०१४ मध्ये युरोपच्या शेवटच्या एटीव्ही मालवाहू यानातून स्थानकावर गेली आणि कोलंबस विभागात बसली. बसवताना एक बोल्ट अडकला. जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गर्स्ट यांनी तो करवतीने कापला आणि धातूचा कीस हवेत उडू नये म्हणून भोवती दाढीचा फेस लावला! एकेका फेरीत अठरा नमुने भरून ठेवतात, आणि पुढचं काम जर्मनीतल्या कोलोनहून चालतं.

जपानने वेगळा रस्ता धरला. त्यांच्या किबो विभागात २०१५ मध्ये नेलेली भट्टी थेंबाला विद्युतभार देऊन इलेक्ट्रोडांच्या मधे धरते आणि लेझरने तापवते. यात धातूतून प्रवाह वाहत नाही, म्हणून ढवळणं जवळजवळ नाही, आणि वीज न वाहणारे ऑक्साइडही चालतात. इथे एक प्रामाणिक हरकत घेता येईल: हीच विद्युतभाराची रीत जमिनीवरही चालते, मग वर कशाला? खरं आहे, टंगस्टनसारख्या अवघड धातूंची मोजमापं याच रीतीने जमिनीवर झाली आहेत. पण जमिनीवर थेंब दोनेक मिलिमीटरचाच चालतो, काही हजार व्होल्ट लागतात आणि शक्यतो निर्वात जागा हवी, म्हणजे ज्याची वाफ लवकर होते तो मिश्रधातू बाद. एवढा छोटा झिर्कोनियमचा थेंब सेकंदाला २२० हेलकावे खातो आणि पाव सेकंदात शांत होतो. तेवढ्या वेळात थेंबाला सावरणारं विजेचं नियंत्रणही चालूच असतं आणि तेही हेलकाव्यांत ढवळाढवळ करतं. माझं मत विचाराल तर शुद्ध धातू जमिनीवर मोजा आणि वर फक्त तेच पाठवा ज्याचं खाली जमत नाही: वाफाळणारे मिश्रधातू, ऑक्साइड आणि गोठणबिंदूखालचा द्रव.

फार जाड द्रवांना मात्र यातलं काहीच लागू नाही, कारण हेलकावा सुरू व्हायच्या आतच विरतो. तिथे दोन थेंब एकमेकांना चिकटवून ते एक व्हायला किती वेळ घेतात ते मोजतात. २००४ मध्ये अंतराळवीर माइक फिंक यांनी स्थानकावर मधाच्या थेंबांवर हे करून पाहिलं होतं. आपल्याकडेही कक्षेत धातू वितळला आहे: जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्ही-सी७ ने सोडलेली आणि बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरातून परत आणलेली इस्रोची कुपी, एसआरई-१. तिच्यातली भट्टी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि विक्रम साराभाई केंद्र यांच्या प्रयोगासाठी होती. विषय धातू वितळून पुन्हा स्फटिक कसे बनतात हा होता, श्यानता नव्हे.

आता तुमच्या कामाचं. तुम्हाला या अंतराळी आकड्याची गरज नाही. साच्यात वाहताना महत्त्व असतं श्यानतेला घनतेने भागून येणाऱ्या आकड्याला, आणि तो वितळलेल्या ॲल्युमिनियमचा पाण्याच्या जवळजवळ निम्मा आहे. लोखंडाचाही पाण्यापेक्षा कमी. म्हणजे धातू साच्यात पाण्यासारखा, किंबहुना त्याहून सैल धावतो. तो अर्ध्यात थांबतो तो जाड झाला म्हणून नाही, गोठला म्हणून. एलएम६ हा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा मिश्रधातू सुंदर भरतो कारण सिलिकॉनची गोठताना सुटणारी सुप्त उष्णता ॲल्युमिनियमच्या सुमारे साडेचारपट आहे, म्हणून तो गोठायला वेळ घेतो. स्पायरल साच्यात धातू किती लांब जातो हे आपण तपासतो, त्यात तापमान, साच्याची ऊबदारी आणि साय यांचाच हात मोठा असतो.

सॉफ्टवेअरमध्ये एलएम२५ साठी (हाही तसलाच मिश्रधातू) ७२० अंशांना १.२ मिलिपास्कल-सेकंद टाका. खात्री करायची असेल तर एकदा १.० आणि एकदा १.६ टाकून तोच साचा चालवा. भरण्याच्या चित्रात फारसा फरक दिसला नाही तर, आणि बहुतेकदा दिसणार नाही, श्यानतेचा नाद सोडा. त्याऐवजी ओतायच्या क्षणी लॅडलमध्ये (ओतायच्या पळीत) तापमान नक्की किती आहे ते मोजा. भट्टीवरचा काटा ७४० दाखवतो आणि साच्यापर्यंत पोचताना ६८० उरलेलं असतं, असं मी खानदेशातल्या ओतशाळांत फार ठिकाणी पाहिलं आहे. गेटमधून, म्हणजे साच्यात शिरायच्या वाटेतून, धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर साय आत गुंडाळली जाते आणि कोल्ड शटचं (धातूचे दोन प्रवाह एकजीव न होता राहिलेल्या फटीचं) खापर बिचाऱ्या श्यानतेवर फुटतं. टायटॅनियम-ॲल्युमिनाइडची पाती, धातूची पावडर बनवणं किंवा थ्रीडी प्रिंटिंग, असल्या कामात कधी उतरलात, तर मात्र तरंगत्या थेंबावर मोजलेलेच आकडे घ्या आणि नमुन्यातला ऑक्सिजन किती होता ते पाहून घ्या.

भावाला प्रकल्प नक्की करता येईल, झुलत्या मुशीचा. धातू कथील घ्या. ते २३२ अंशांना वितळतं आणि श्यानता दोनच्या आसपास आहे. शिसं नको, पारा तर नकोच. ग्रॅफाइटची झाकणाची मूस, वर लांब दांडी, दांडीला पोलादी बारीक तार. तार भट्टीच्या बाहेर, थंड जागी ठेवा, कारण ती तापली की तिचा ताठरपणा बदलतो. दांडीवर आरसा, लेझरचा ठिपका भिंतीवर आणि समोर मोबाइलचा कॅमेरा. आधी रिकामी मूस झुलवून हवेने आणि तारेने होणारी घट मोजा, ती नंतर वजा करायची. मग पाणी भरून माप जुळवा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतलं पाणीच ३५ अंशांचं असतं आणि तिथे त्याची श्यानता १.० नसून ०.७२ आहे, तेव्हा थर्मामीटर लावल्याशिवाय पुस्तकातला आकडा धरू नका. प्रयोगापुरता कूलर आणि पंखा बंद. पाण्यानंतर मूस ओव्हनमध्ये कडक वाळवल्याशिवाय तिच्यात कथील घालायचं नाही, ओल राहिली तर ते अंगावर उडेल. २५० पासून ४०० अंशांपर्यंत चार-पाच तापमानांना मोजा. आणि प्रत्येक तापमानाला मूस एकदा निम्मी व एकदा पाऊण भरून मोजा. दोन उंचींना दोन वेगळ्या श्यानता आल्या तर कथलाला दोष देऊ नका, मुशीच्या तळाच्या घर्षणाची दुरुस्ती गणितात चुकली आहे असं समजून तिथून परत सुरुवात करा.